बडोद्यातल्या घरी रत्नसंग्रह दाखवायचा असेल तर

वर्षानुवर्षं जमवलेले रंगीत खडे कपाटातल्या डब्यात पडून असतात आणि ते चार जणांनी बघावेत असं मनापासून वाटत असतं. मग दिवाळीनंतर पाहुणे येतात, डबा उघडतो, चाळीस खडे एकदम टेबलावर येतात. ट्यूबलाइटखाली सगळे सारखेच दिसतात, दहा मिनिटांत गप्पा दुसरीकडे वळतात आणि रात्री मोजताना एक तामडा (गार्नेट) कमी भरतो. थोडे खडे, एका वेळी एक, योग्य उजेडात आणि खरी चिठ्ठी लावून दाखवले तर असं होत नाही. तयारीला दोन दिवस लागतात, प्रत्यक्ष बघायला दोन तास.

कोणते काढायचे

सहा ते आठ माणसं आणि दोन तास धरले तर बारा ते पंधरा खडे पुरतात. डोळा रंगाला फार लवकर सरावतो. पाच लाल खडे लागोपाठ बघितले की सहावा लाल फिका वाटतो, मग तो कितीही उत्तम असो. म्हणून लालनंतर हिरवा, निळ्यानंतर पिवळा असा क्रम लावा आणि मध्ये कोरा पांढरा कागद समोर ठेवा. डोळ्याला तेवढी विश्रांती पुरते.

नवख्या माणसाला सगळ्यात जास्त आवडतात त्या जोड्या. एकाच रंगाचे वेगळे खडे शेजारी मांडा: माणिक, लाल स्पिनेल, तामडा आणि लाल काच. ब्रिटनच्या राजमुकुटातला ‘ब्लॅक प्रिन्सचं माणिक’ म्हणून ओळखला जाणारा दगड प्रत्यक्षात स्पिनेल आहे, हे त्याच वेळी सांगा. डोळ्यांनी रंग बघून नाव ठरवणं किती अवघड आहे ते लगेच पटतं. याच्या उलट जोडी म्हणजे एकच खनिज, रंग वेगळे. नीलम आणि पुष्कराज हे दोन्ही माणकाचेच भाऊ, तिन्ही कुरुंद.

काही खडे काढूच नयेत. भेगांनी भरलेला पाचू, ओपल आणि जुन्या दोऱ्यात ओवलेले मोती हातोहात फिरवण्याच्या कामाचे नाहीत. घरात कुणी ग्रहासाठी अंगठीत घातलेला खडाही ट्रेमध्ये ठेवू नका. दुसऱ्याचा हात लागलेला अनेकांना चालत नाही, आणि त्या भावनेचा मान राखायला हवा. ‘मला कोणता खडा लाभेल?’ हा प्रश्न हमखास येतो. त्यावर एवढंच म्हणा: ‘काकू, हा खडा काय आहे ते मी सांगू शकतो, लाभाचं तुमच्या ज्योतिषांनाच विचारा.’

आधी वही, मग मांडणी

प्रत्येक खड्याला क्रमांक द्या. वहीत क्रमांक, नाव, रंग, आकार, लांबी-रुंदी-जाडी मिलिमीटरमध्ये, वजन कॅरेटमध्ये दोन दशांशांपर्यंत, केलेली प्रक्रिया, कुठून घेतला आणि एक फोटो एवढं हवं. माप साध्या डिजिटल कॅलिपरने घ्या, पण त्याचे जबडे खड्यावर दाबू नका. कडेचा टवका निघतो.

वजन रत्तीत लिहू नका. मांडवी भागातल्या पेढीवर रत्तीची भाषा अजून चालते, पण रत्ती एकच नाही. सोनारी रत्ती सुमारे १२१.५ मिलिग्रॅमची, खड्यांच्या बाजारातली सुमारे १८२ मिलिग्रॅमची. ‘पाच रत्तीचा’ म्हणून घेतलेला खडा एका हिशोबाने ३.०४ कॅरेट भरेल, दुसऱ्याने ४.५५. कॅरेट मात्र जगभर एकच, २०० मिलिग्रॅम. जुन्या पावतीवर रत्ती असेल तर पुन्हा वजन करून कॅरेटमध्ये नोंदवा.

काटा ०.००१ ग्रॅमपर्यंत वाचणारा घ्या. वजन करताना पंखा बंद ठेवा. वाऱ्याच्या झुळकीने शेवटचे दोन आकडे नाचतात. तीनदा वजन घ्या. तिन्ही आकडे जुळले तरच लिहा.

याच काट्यावर एक तपासणी घरच्या घरी होते आणि ती शिकण्यासारखी आहे. बाजारात पिवळ्या खड्याला सरसकट पुष्कराज म्हणतात. त्यात खरा पुष्कराज म्हणजे पिवळा नीलम असतो, कधी टोपाझ असतो आणि बऱ्याचदा सुनेला म्हणजे सिट्रीन निघतो. रंग सारखा असला तरी पाण्यातलं वजन फसवत नाही.

असले छोटे काटे बहुधा २० ते ५० ग्रॅमच घेतात, म्हणून पेला चालणार नाही. खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं छोटं मापाचं झाकण घ्या. त्यात साधारण १५ मिलिलिटर पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा अगदी छोटा थेंब घाला, म्हणजे बुडबुडे खड्याला चिकटत नाहीत. झाकण काट्यावर ठेवा. दोन्ही बाजूंना पुस्तकांचे ढीग रचून त्यांवर पेन्सिल आडवी टाका आणि तिला तांब्याच्या अगदी बारीक तारेचा छोटा पाळणा टांगा. पाळणा पाण्यात पूर्ण बुडलेला हवा, पण तळाला किंवा कडेला टेकता कामा नये. आता काटा शून्य करा. मग खडा चिमट्याने पाळण्यात ठेवा. काट्यावर येणारा आकडा म्हणजे खड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. कोरड्या वजनाला या आकड्याने भागलं की विशिष्ट गुरुत्व मिळतं, म्हणजे खडा तेवढ्याच आकाराच्या पाण्यापेक्षा किती पट जड आहे ते.

समजा कोरडं वजन १.०६० ग्रॅम, म्हणजे ५.३० कॅरेट आहे. पाण्यात आकडा ०.४०० आला तर भागाकार २.६५: सुनेला. ०.३०० आला तर सुमारे ३.५३: टोपाझ. ०.२६५ आला तर ४.००: कुरुंद, म्हणजे बाजारातला खरा पुष्कराज, मग तो खाणीतला असो वा प्रयोगशाळेत वाढवलेला, ते या काट्याला कळत नाही. इतर खड्यांसाठी हे आकडे लक्षात ठेवा: पाचू २.७२, तुरमळी ३.०६, पेरिडॉट ३.३४, स्पिनेल ३.६०, गोमेद ३.६५. उत्तर अपेक्षेपेक्षा कमी आलं तर आधी बुडबुडा शोधा. खड्याच्या बुडाला चिकटलेला एक बुडबुडाही जास्त पाणी सारतो आणि उत्तर खाली ओढतो. एक कॅरेटपेक्षा लहान खड्यावर या रीतीचा भरवसा धरू नका. पिरोजा आणि ओपल पाणी शोषतात, ते पाण्यात घालूच नका.

चिठ्ठीवर काय लिहायचं

चार ओळी पुरेत: नाव, वजन, कुठला, काय प्रक्रिया केलेली. चौथी ओळ बहुतेक जण गाळतात आणि तीच सगळ्यात महत्त्वाची. बाजारातली बहुतेक माणकं आणि नीलम तापवलेले असतात, पाचूत तेल किंवा राळ भरलेली असते, गडद निळा टोपाझ किरणोत्सर्ग आणि उष्णता देऊन निळा केलेला असतो, पुष्कळ सुनेले मुळात तापवलेले जांभळे कटेले (अमेथिस्ट) असतात. यात कमीपणा नाही, लपवण्यात आहे. स्वस्तातल्या मोठ्या माणकांत शिसं असलेली काच भरलेली असते, ते मात्र ठळक अक्षरांत लिहा. तपासलेला नसेल तर ‘तपासलेला नाही’ असं लिहा. प्रयोगशाळेचा दाखला असेल तर त्यावरचं वजन आणि मापं वहीशी ताडून बघा. दाखला भलत्याच खड्याचा निघणं हे घडतं.

काचेचीही लाज वाटू देऊ नका. खंडेराव गायकवाडांनी १८६५च्या सुमारास करवून घेतलेला बडोद्याचा तो प्रसिद्ध मोत्यांचा गालिचा बसराच्या लाखो मोत्यांनी भरलेला आहे, त्यात हिरे-माणकं-पाचू-नीलम आहेत आणि त्याच नक्षीत रंगीत काचेचे मणीही आहेत. कारागिराला जो रंग हवा होता तो काचेतून मिळाला. तुमच्याकडची सुंदर निळी काच ‘काच’ अशी चिठ्ठी लावून खुशाल मांडा.

आपल्याकडे शेजारपाजारचे गुजराती लोक येणारच, तेव्हा खाली त्यांचं नावही लिहा: माणिक म्हणजे माणेक, पुष्कराज म्हणजे पोखराज, पोवळं म्हणजे परवाळुं. नीलम, गोमेद दोन्हीकडे तेच.

धुणं आणि पुसणं

आदल्या दिवशी धुवा, त्याच दिवशी नको. वाडग्यात कोमट पाणी, सौम्य साबणाचे दोन थेंब, लहान मुलाचा मऊ ब्रश. बेसिनच्या नळाखाली कधीच नाही; धुताना खडा निसटला तर थेट पाइपात जातो. खड्याच्या मागच्या बाजूवर ब्रश जास्त फिरवा. वरून आत आलेला उजेड मागच्या पैलूंवरून परतूनच डोळ्याला चमक देतो, आणि बोटाचं तेल तिथे बसलं की तो उजेड मागून निघून जातो. नवा घेतलेला खडा महिन्याभरात ‘मेला’ असं वाटतं, त्याचं कारण बहुधा एवढंच असतं. शेवटचं खळबळणं आरओच्या पाण्याने करा, नाहीतर वाळताना क्षारांचे पांढरे डाग राहतात.

पाचू साबणपाण्यात भिजत ठेवू नका, तेल निघतं. मोती, पोवळं, पिरोजा ओलसर कापडाने नुसते पुसा. लिंबू, चिंच, व्हिनेगर काहीही वापरू नका: मोती आणि पोवळं आम्लात विरघळतात, काच भरलेल्या माणकातली काच लिंबाच्या रसानेसुद्धा खाल्ली जाते. कोरड्या फडक्याने घासणंही वाईट. घरातल्या धुळीत वाळूचे म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात, त्यांचा कठीणपणा ७. त्याखालचे सगळे खडे त्या धुळीने हळूहळू ओरखडतात: चंद्रकांत, ओपल, पिरोजा, फ्लुओराइट. आधी फुंकणीने किंवा ब्रशने धूळ उडवा, मग पुसा.

प्रत्येक खडा वेगळ्या पुडीत. सराफ्यात तयार पुड्या मिळतात, बाहेर जाड कागद आणि आत पातळ. एका पुडीत दोन खडे ठेवले की नीलम आपल्या शेजारच्या कटेल्याला ओरखडणारच.

खोली, टेबल, उजेड

दिवाळी ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. पंखा बंद ठेवता येतो. वैशाखात पंख्याशिवाय कुणी बसू शकत नाही आणि पंख्याखाली पुड्या उडतात.

बडोद्यातल्या बहुतेक घरांत फरशी मार्बलची नाहीतर कोट्याची. त्यावर टेबलाच्या उंचीवरून पडलेला टोपाझ सरळ दुभंगू शकतो, कारण कठीणपणा ८ असूनही त्याला एका दिशेने चिरण्याची सोय निसर्गानेच ठेवलेली असते. टेबलाखाली सतरंजी आणि तिच्यावर एकरंगी फिकी चादर पसरा. नक्षीची चादर नको, पडलेला खडा तिच्यात हरवतो. टेबलावर काठ असलेलं ताट किंवा परात घ्या, आत पांढरा किंवा राखाडी सुती कापडाचा तुकडा. काळी मखमल फोटोत छान दिसते, पण तिचे तंतू खड्याला चिकटतात आणि खरा रंग कळत नाही.

दिवसा उत्तरेकडची खिडकी उत्तम, सकाळी दहा ते दुपारी तीन. ऊन थेट पडता कामा नये. संध्याकाळ असेल तर दोन दिवे ठेवा: एक पांढरा, ५००० ते ६५०० केल्विनचा, आणि एक पिवळा, २७०० ते ३००० केल्विनचा. दोन्हींच्या खोक्यावर सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० किंवा जास्त लिहिलेला असावा. साध्या एलईडीत गडद लाल रंगाचा भाग तोकडा असतो, त्याखाली चांगलं माणिकही विटकरी दिसतं. माणिक पिवळ्या दिव्याखाली फुलतं, नीलम आणि पाचू पांढऱ्याखाली. दोन्ही दिवे आळीपाळीने लावून हे दाखवा. अलेक्झांड्राइट असेल तर तो सर्वात शेवटी: पांढऱ्या उजेडात हिरवट, पिवळ्यात लालसर.

तारा असलेला खडा, लसण्या (कॅट्स आय) आणि चंद्रकांत (मूनस्टोन) यांना मात्र एकच बिंदूसारखा उजेड लागतो. ट्यूबलाइट आणि खिडकी दोन्ही बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च बरोबर वरून धरा. खोलीतले बाकीचे दिवे चालू राहिले तर सहा किरणांचा तारा जवळजवळ पुसला जातो, आणि पाहुण्यांना वाटतं की खडाच साधा आहे.

हात लावू द्यायचा, पण कसा

काचेआडून दाखवलेला खडा म्हणजे अर्धाच दाखवलेला. तो हलवल्याशिवाय चमक कळत नाही. म्हणून हातात द्या, पण तीन नियम सुरुवातीलाच सगळ्यांना प्रेमाने सांगा.

खडा हातातून हातात द्यायचा नाही. बघून झालं की ताटात ठेवायचा, पुढच्याने तिथून उचलायचा. पेढीवरही हीच शिस्त असते, कारण खडे पडतात ते बहुतेक याच क्षणी: एकाने सोडलेला असतो, दुसऱ्याने अजून धरलेला नसतो. दुसरं, हात ताटाच्या वर चार बोटांपेक्षा उंच न्यायचा नाही. खडा डोळ्यांकडे न नेता आपण वाकायचं. तिसरं, टेबलावर एकच पुडी उघडी. वडीलधाऱ्यांना सांगताना ‘आत्या, खाली वाकून बघा, उजेड तिथेच चांगला पडतो’ असं म्हटलं की त्यांना टोकल्यासारखं वाटत नाही.

नवख्याच्या हाती चिमटा देऊ नका. जोर जास्त झाला की खडा चिमट्यातून गोळीसारखा उडतो. बोटांनी कडेला धरणंच बरं; डाग पुसता येतात.

घरातल्या एका माणसाकडे फक्त मोजणी द्या. त्याने दुसरं काही करायचं नाही, चहासुद्धा द्यायचा नाही. चहा-फराळ वेगळ्या खोलीत, खडे बांधून ठेवल्यानंतर.

भिंग दहापट मोठं दाखवणारं हवं. ते डोळ्याला जवळजवळ टेकवा, दोन्ही कोपरं टेबलावर ठेवा, दुसरा डोळा उघडाच राहू द्या आणि खडा भिंगापासून अडीच सेंटिमीटरवर आणा. बहुतेक जण भिंग लांब धरतात आणि काहीच दिसत नाही म्हणतात. पहिल्यांदा पेरिडॉट द्या. वरून आत बघितलं की मागच्या बाजूच्या कडा प्रत्येकी दोन-दोन दिसतात, कारण तो उजेडाचे दोन भाग करतो. मग काच द्या, तिच्यात गोल बुडबुडे सापडतात. मग तापवून घडवलेलं कृत्रिम माणिक, ज्यात वाढीच्या रेघा वाकड्या दिसतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हर्नॉईने ही रीत १९०२ मध्ये जाहीर केली, तेव्हा आजीच्या जुन्या दागिन्यातही असं माणिक निघू शकतं. काच भरलेल्या माणकात खडा तिरका केला की भेगांमधून निळी झाक चमकून जाते.

खडा पडलाच तर सगळ्यांना जागच्या जागी थांबवा, कुणी पाय उचलायचा नाही. मोठे दिवे बंद करून टॉर्च फरशीला टेकवून आडवा फिरवा. आडव्या उजेडात खडा लगेच लकाकतो. तरी नाही मिळाला तर पुड्यांच्या घड्या, साडीच्या निऱ्या, बाह्यांच्या दुमडी बघा, आणि शेवटी व्हॅक्यूमच्या तोंडावर पातळ मोजा बांधून सतरंजी झाडा. मोजणीत कमी भरला म्हणून कुणाकडे संशयाने बघू नका. आधी पुन्हा मोजा.

मुलांसाठी अकीकाची पेटी

मुलांना ‘हात लावू नको’ म्हणण्यापेक्षा त्यांची वेगळी पेटी करा. त्यासाठी आपण फार चांगल्या जागी राहतो. भरूच जिल्ह्यात झगडिया तालुक्यातलं रतनपूर अकीकाच्या खाणींसाठी जुनं प्रसिद्ध आहे, आणि तो दगड खंबातला जाऊन घडतो. लोथलला हडप्पाकालीन मण्यांचा कारखाना सापडला, त्यातही हाच लाल दगड होता.

पेटीत एकाच दगडाच्या चार अवस्था ठेवा: कच्चा मळकट गोटा, ठोकून आकार दिलेला, तापवून लाल झालेला आणि पॉलिश केलेला. तापवल्यावर लाल का होतो तेही सांगा. दगडात लोहाचं पिवळट-तपकिरी, पाणी धरलेलं संयुग असतं. उष्णतेने त्यातलं पाणी जातं आणि लाल लोह ऑक्साइड उरतं. खंबातचे कारागीर म्हणूनच आधी दगड उन्हात वाळवतात, मग मडक्यांत भरून राखेच्या मंद आचेत तापवतात. एकदम आच दिली तर तो तडकतो. कच्चा गोटा मुलांना पाण्यात बुडवायला द्या. ओला झाला की पॉलिश केल्यावर कसा दिसेल ते कळतं. भडक गुलाबी, निळे तुकडे असतील तर ‘रंगवलेला’ लिहा. अकीक सच्छिद्र असतो, रंग सहज पितो.

फोटो आणि जांगड

जे येऊ शकत नाहीत त्यांना फोटो पाठवताना खिडकी आणि खडा यांच्यामध्ये ट्रेसिंग पेपर धरा, शेजारी राखाडी कागद ठेवा आणि मोबाइलचा व्हाइट बॅलन्स एकदा त्यावर ठरवून कुलूपबंद करा. रंग वाढवू नका. कटेला कॅमेऱ्यात उगाच निळा दिसतो, तेव्हा फोटो खड्याशेजारी धरून ताडा. दहा सेकंदांचा हळू फिरवलेला व्हिडिओ फोटोपेक्षा बरंच जास्त सांगतो. लोकेशन बंद ठेवा. पावती, दाखल्यावरचं नाव आणि घराचा कोपरा चित्रात येऊ देऊ नका. बघायचा दिवस आधी जाहीर करू नका, निमंत्रण एकेकट्याला द्या.

शाळेतल्या बाईंना किंवा मित्राला काही दिवसांसाठी खडा द्यायचा असेल तर बाजारातलीच पद्धत पाळा: जांगड, म्हणजे परत करण्याच्या बोलीवर माल दिल्याची चिठ्ठी, लिहा. क्रमांक, वजन, मापं, आजची तारीख, परत येण्याची तारीख, दोघांच्या सह्या, दोन प्रती. मैत्रीत कागद कशाला असं वाटतं, पण कागदामुळेच मैत्रीवर ताण येत नाही. स्वतः नेऊन द्या. पुष्कळ कुरिअर मौल्यवान खडे स्वीकारत नाहीत, आणि न सांगता पाठवलेल्या पाकिटाची भरपाई मिळत नाही.

पाहुणे गेल्यावर लगेच वहीशी ताडून मोजा, प्रत्येक खडा पुसून त्याच्या पुडीत घाला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उजेडात भिंगातून फक्त कडा बघा. नवा टवका दिसला तर वहीत त्याच ओळीत तारीख घालून लिहा, आणि पुढच्या वेळी तो खडा हातात न देता डबीतच ठेवून दाखवा.